बंडी, बंडीत, बंड्यांना

आमच्या मंचेरियलच्या घरात बैलगाडीला कुणी बैलगाडी म्हणत नसे. ती बंडी. बंडी जुंपायची, बंडीत बसायचं, बंडीला वंगण द्यायचं, आणि लग्नसराईत एकामागोमाग एक बंड्या निघायच्या. माझी पिढी सिंगरेणीच्या कोळसाखाणी आणि सिमेंटचा कारखाना बघत वाढली. आम्ही बंडीत फारसे बसलो नाही. शब्द मात्र कानावर सतत पडायचा, तो आजीच्या तोंडून.

आजीचं माहेर प्राणहितेपलीकडचं. ती लग्न होऊन नदी ओलांडून बंडीत बसून सासरी आली, ही गोष्ट आम्हा भावंडांना पाठ होती. एका उन्हाळ्यात पुण्याचे नातेवाईक आले होते. त्यांच्यासमोर आजीने तीच गोष्ट सुरू केली, "आम्ही सगळे बंडीत बसलो," आणि समोरची मंडळी हसायला लागली. त्यांच्याकडे बंडी म्हणजे सदऱ्यावर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट. अख्खं वऱ्हाड एका जाकिटात बसलंय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. गंमतच होती, आजीही हसली. पण त्यानंतर पुण्याचे पाहुणे आले की आजी जपून बोलायची. "बैलगाडी" म्हणायची, क्षणभर थांबायची, मग पुढे जायची. गोष्ट तीच, पण तिची लय गेलेली असायची.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, शिक्षण बी.ई. भाषेचा अभ्यास शाळेतल्या व्याकरणापुरता. तरीही आजीचं ते थांबणं मला डाचत राहिलं. गेल्या वर्षी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "मंचेरियलच्या मुलांच्या मराठीत तेलुगू शिरलंय" असा सूर निघाला, तेव्हा ठरवलं की या एका शब्दाचा माग काढायचा. बंडी आली कुठून, आणि आपल्याकडे आल्यावर तिचं काय झालं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. मराठी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत तेलुगूतून आलेल्या शब्दांची एक ठरलेली यादी असते. अनारसा, शिकेकाई, किडूकमिडूक यांच्या शेजारी तिथे बंडीही बसलेली असते. तेलुगूत गाडी म्हणजे बंडि. कन्नडमध्येही बंडि, तमिळ आणि मल्याळममध्ये वंडि. मद्रास इलाख्यातले इंग्रजसुद्धा बैलगाडीला बँडी म्हणत आणि आपल्या पत्रांत तसंच लिहीत. म्हणजे हा शब्द दक्षिणेत दूरवर पसरलेला आहे, आणि आपल्या भागात तो तेलुगूच्या शेजारातून आला.

हा शेजारही आजकालचा नाही. आज राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि किनवट नांदेड जिल्ह्यात. १९५६ पर्यंत हे दोन्ही भाग हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते मराठी मुलखाला जोडले गेले. राजुरा आधी नांदेडला गेलं आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला आलं. इकडे मंचेरियल आदिलाबाद जिल्ह्यात राहिलं, २०१४ मध्ये तेलंगणात गेलं आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वतंत्र जिल्हा झालं. नकाशावरच्या रेषा अशा सरकत राहिल्या, बंडी मात्र दोन्ही बाजूंना चालत राहिली. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही बैलबंडी म्हणतात. तेलुगू शेतकरी एड्ल बंडि म्हणतो. एद्दु म्हणजे बैल, त्याचं अनेकवचन एड्लु, आणि एड्ल म्हणजे बैलांची. दोघेही एकच वस्तू दाखवतात आणि जवळजवळ एकच शब्द उच्चारतात. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातली गोंड मंडळी तिथे बैलबंड्या घेऊन येतात. त्या गर्दीत गोंडी, मराठी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा कानावर पडतात.

दुसरा प्रश्न मला जास्त रंजक वाटला. शब्द उचलणं सोपं असतं. आज कुणीही "सुशी खाल्ली" म्हणतो. पण उचललेला शब्द वाक्यात चालवायचा, तर त्याला प्रत्यय लावावे लागतात, त्याचं अनेकवचन करावं लागतं, त्याला लिंग द्यावं लागतं. तिथे खरी परीक्षा असते.

तेलुगूतली बंडि ऱ्हस्व इकाराची. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार आपण दीर्घ लिहितो, म्हणून ती बंडी झाली. तेलुगूत "बंडीत" म्हणायचं तर बंडिलो, "बंडीला" म्हणायचं तर बंडिकि. अनेकवचनाला लु लागतो आणि मधला इकार गळतो, म्हणून बंड्लु. "बंड्यांत" म्हणजे बंड्ललो. मराठीने यातलं काही म्हणजे काहीच घेतलं नाही. फक्त मूळ शब्द घेतला आणि तो सरळ गाडीच्या शेजारी नेऊन बसवला. गाडी-गाडीत-गाड्या-गाड्यांना, तशी बंडी-बंडीत-बंड्या-बंड्यांना.

लिंगाचंही तसंच. तेलुगूत एकवचनात स्त्री आणि वस्तू यांना क्रियापदाचं एकच रूप लागतं. "अक्का वच्चिंदि" म्हणजे ताई आली, आणि "बंडि वच्चिंदि" म्हणजे गाडी आली. मराठीत तीन लिंगं. ईकारान्त शब्द बरेचदा स्त्रीलिंगी असतात हे खरं, पण पाणी आणि लोणी नपुंसकलिंगी, मोती आणि हत्ती पुल्लिंगी. बंडी कुठे जाणार हे ठरवायला कोणती समिती बसली नव्हती. गाडी ती, म्हणून बंडीही ती. शेतातल्या माणसांनी हा निर्णय चालता चालता घेतला आणि तो इतका पक्का झाला की आजी "बंडी आली" म्हणाली तेव्हा त्यात परकं असं काहीच नव्हतं.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी शब्दलेखन तपासणाऱ्या प्रणालीशी खेळत होतो. हनस्पेल नावाची एक मुक्त प्रणाली आहे. ती मुळात हंगेरियन भाषेसाठी बनवली गेली, कारण त्या भाषेत एकेका शब्दाची ढीगभर रूपं होतात आणि सगळी रूपं यादीत टाकणं परवडत नाही. म्हणून तिच्यात दोन फायली असतात. एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. शब्दापुढे तिरकी रेघ देऊन एक खूण लिहायची, की तो कोणत्या नियमाने चालतो ते प्रणालीला कळतं. मी माझ्यापुरती एक छोटी मराठी यादी केली होती. तिच्यात बंडी घातली आणि गाडीपुढे जी खूण होती तीच तिच्यापुढे लिहिली. बंडीत, बंडीवरून, बंड्यांच्या, सगळी रूपं बरोबर ओळखली गेली. एकही नवा नियम लिहावा लागला नाही. त्या दिवशी मला शब्द रुळणं म्हणजे काय हे कळलं. ज्या शब्दासाठी भाषेला वेगळा नियम करावा लागत नाही, तो रुळला.

ही कसोटी हाताशी आली आणि मी दिसेल तो शब्द तिच्यावर घासून बघायला लागलो. तुम्हीही बघा. बटाटा पोर्तुगिजांकडून आला. पण आपण "बटाट्याची भाजी" म्हणतो, घोड्याची म्हणतो तसंच. दरवाजा फारसी, तरी "दरवाज्यात" उभे राहतो. तिकीट इंग्रजीतून आलं. पण "तिकिटाचे पैसे" म्हणताना मधला दीर्घ की ऱ्हस्व होतो, जसा फूलचा "फुलाला" होताना होतो. जमीन फारसी, तिची "जमिनीत" होते. वकील अरबी, त्याला आपण "वकिलाला" भेटतो. आणि गंमत पुढेच आहे. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शरीर हा शब्द "शरीरात" असाच राहतो, त्याचा री ऱ्हस्व होत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही तत्सम शब्दांना ही सूट आहे. म्हणजे या एका बाबतीत फारसी जमीन आणि इंग्रजी तिकीट हे संस्कृत शरीरापेक्षा जास्त घरचे झालेत.

रुळण्याच्या पायऱ्याही दिसतात. जुन्या लोकांनी मोटार घेतली ती "मोटारीत" बसले, रस्त्यावर "मोटारी" धावल्या. आम्ही कार घेतली आणि "कारमध्ये" बसतो. एकाच वस्तूचे दोन इंग्रजी शब्द, पण पहिल्याला प्रत्ययाआधी मराठी वळण मिळालं आणि दुसरा तसाच ताठ उभा आहे. पेन्सिलीने लिहितो, पण पेनने. सोफ्यावर बसतो, पण माझ्या कामातला डेटा मात्र "डेटाचा"च राहतो. "डेट्याचा" म्हटलं तर ऑफिसातले सगळे माना वळवून बघतील.

एकच परका शब्द दोन भाषांत दोन पद्धतींनी चालताना बघायचा असेल, तर मंचेरियलसारखी जागा नाही. दवाखाना हा फारसीतून आलेला शब्द तेलंगणाच्या तेलुगूतही आहे. हैदराबादच्या वस्त्यांमधली सरकारी आरोग्य केंद्रं बस्ती दवाखाना याच नावाने ओळखली जातात. एकाच गल्लीतली एक आजी "दवाखान्यात जाऊन येते" म्हणते, आणि शेजारची अव्वा "दवाखानलो" काय झालं ते सांगते. पाहुणा एकच, पण दोन घरांत दोन तऱ्हेने वावरतो. मराठी त्याचा आकार मोडून या करते, तेलुगू सरळ लो जोडते. म्हणून तेलुगू सोपी, असं समजू नका. तिच्याकडेही सामान्यरूपासारखी सोय आहे, तिला त्यांचे व्याकरणकार औपविभक्तिक म्हणतात. घर म्हणजे इल्लु, पण घरात म्हणजे इंट्लो. आपण घोडाचा घोड्या करतो, ते इल्लुचा इंटि करतात. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावलं की आपल्याच घरातली भांडी दिसावीत, तसं वाटलं मला ते वाचून.

हे फक्त आपल्याकडचं वैशिष्ट्य नाही. माझ्या प्रोजेक्टवर फिनलंडचा एक सहकारी आहे. एकदा मीटिंग सुरू व्हायला वेळ होता म्हणून मी त्याला बंडीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, आमचा चमचाच रशियन आहे. फिनिश भाषेत चमच्याला लुसिक्का म्हणतात. जुन्या रशियनमधून आलेला हा शब्द, आजच्या रशियनमध्ये तो लोश्का असा आहे. फिनिश भाषेत शब्दाला प्रत्यय लागताना मधलं जोडव्यंजन बऱ्याचदा एकेरी होतं. लुसिक्कालाही तो नियम लागू पडला. चमच्याचा म्हणजे लुसिकान, चमच्याने म्हणजे लुसिकाल्ला. दोन क चे एक क झाले, अगदी आपल्या तिकीटची "तिकिटाला" होताना वेलांटी लहान होते तसे. मी त्याला म्हटलं, आमचा चमचाही बाहेरून आलाय, फारसीतून, आणि आम्ही तो "चमच्याने" खातो. मीटिंगमधले बाकीचे लोक आले तेव्हा आम्ही दोघं चमच्यावर बोलत होतो. कारण सांगायला वेळ मिळाला नाही.

आता पुन्हा घराकडे. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना तेलुगू, घरी मराठी. आजच्या तेलुगूत बंडि म्हणजे फक्त बैलगाडी नाही. मोटारसायकल, स्कूटर, कार, दारासमोर उभं असलेलं कुठलंही वाहन बंडि असू शकतं. रेल्वेलाही रैलु बंडि म्हणतात. साहजिकच मुलीच्या तोंडी बंडी म्हणजे स्कूटर. तिने हा शब्द पणजीकडून घेतलेला नाही, खालच्या मैत्रिणींकडून घेतलाय. म्हणजे एकच शब्द आमच्या घरात दोनदा आला. एकदा बैल जोडून, कित्येक पिढ्यांपूर्वी. आणि आता पेट्रोल भरून.

नातेवाइकांच्या ग्रुपवर चर्चा पेटली ती याच बंडीवरून. मुलीचा एक व्हिडिओ टाकला होता, त्यात ती म्हणते, "बाबा, आपल्या गेटसमोर दोन बंड्या लावल्यात, आपली बंडी कशी निघणार?" एका काकूंनी लिहिलं, पोरीला "गाड्या" म्हणायला शिकवा. दुसऱ्या कुणी लिहिलं, लहानपणीच वळण लावलं नाही तर नंतर मराठी जाईल. त्यांची काळजी खोटी नाही. परमुलखात दोन-तीन पिढ्यांनंतर घरातली भाषा कशी विरत जाते, हे आपल्या मंडळातल्या प्रत्येक घराने जवळून पाहिलंय.

पण मी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. शेजारच्या मुलांच्या तोंडून ती रोज "बंड्लु" ऐकते. तिने "बंड्या" म्हटलं. कुणी शिकवलं नव्हतं. गाडी-गाड्या, पोळी-पोळ्या हा साचा तिच्या कानात बसलेला होता आणि नवा शब्द समोर येताच तिने तो त्यात घातला. तिच्या पणजीच्या पूर्वजांनी जे केलं, तेच तिने हैदराबादच्या एका गेटसमोर उभं राहून केलं. या वाक्यात मराठी बिघडलेली नाही. मराठी इथे काम करतेय.

मला काळजी वाटते ती वेगळ्या वाक्यांची. तीच मुलगी कधीकधी "घोडाला पाणी दे" म्हणते. "रस्तावर पाणी साचलंय" म्हणते. यात एकही तेलुगू शब्द नाही, एकही इंग्रजी शब्द नाही. घोडा, रस्ता, पाणी, सगळे रोजचे मराठी शब्द. ग्रुपवर ते ऐकून कुणी काही म्हणत नाही, उलट "किती गोड" म्हणतात. सहाव्या वर्षी ते गोडच असतं, आणि पुण्यातली मुलंही त्या वयात असं बोलतात. फरक इतकाच की पुण्यातल्या मुलाला "घोड्याला" दिवसातून पन्नास ठिकाणी ऐकू येतं. दुकानात, रिक्षात, शाळेच्या मैदानात त्याचं वाक्य आपोआप सरळ होत जातं. आमच्याकडे ते फक्त घरात ऐकू येतं, तेही आम्ही घरी असलो आणि फोनवर नसलो तर.

म्हणून घरात मी एक गोष्ट ठरवली आहे. मुलीने कुठला शब्द वापरावा यावर पहारा ठेवायचा नाही. बंडी म्हणू दे, अव्वा म्हणू दे, पप्पु म्हणजे वरण हेही चालेल. "पप्पूत मीठ कमी आहे" असं ती म्हणाली, तर मला आनंदच आहे. पण तिच्याशी बोलताना पूर्ण वाक्यं बोलायची. आपणच घाईत "टेबलवर ठेव" म्हणतो, तिथे "टेबलावर ठेव" म्हणायचं. ती "घोडाला" म्हणाली तर थांबवून दुरुस्त करायचं नाही, उत्तरात "हो, घोड्याला तहान लागली असेल" असं म्हणायचं. दहा वेळा कानावर पडलं की अकराव्यांदा तोंडात येतं. मूल आणि आई यांच्यात हे असंच चालत आलेलं आहे, त्यासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. ऐकवणारं माणूस मात्र लागतं, आणि आजीपेक्षा चांगलं माणूस कोण? हल्ली मी मुलीला दर रविवारी मंचेरियलला फोन लावून देतो. मी फक्त आजीला एवढंच सांगून ठेवलंय की पणतीशी बोलताना बंडीला बंडीच म्हणायचं. आता दोघी बंडीबद्दल बोलतात, एक बैलांची आणि एक पेट्रोलची, आणि दोघींचं अगदी छान जमतं.

शेवटी आपल्या मंडळातल्या तरुण आईबाबांसाठी एक खेळ सुचवतो. लांबच्या प्रवासात मुलं कंटाळतात, तेव्हा खेळून बघा. एकाने कुठल्याही भाषेतला शब्द द्यायचा. दुसऱ्याने त्याचं अनेकवचन सांगायचं आणि तो "मध्ये" न वापरता "त" लावून वाक्यात बसवायचा. समोसा, पिझ्झा, रोबो, इडली, पुलिहोरा, काहीही. "पिझ्झ्यात" बरोबर की "पिझ्झात", यावर भांडण झालं तर होऊ द्या. ज्या घरात प्रत्ययावरून भांडण होतं, त्या घरातल्या मराठीची मला चिंता वाटत नाही. आणि तुमच्याही घरात बंडीसारखा एखादा शब्द असेल, पाहुण्यांसमोर आजी-आजोबा जो गिळतात, तर तो आमच्या संपादकांना जरूर कळवा. सोबत त्याची तीन रूपंही लिहा: एकाची, अनेकांची आणि "त" लावलेली.